प्राध्यापक मॅकबेन

ठाणे शहराच्या उत्तरेस खाडीच्या काठी कोलशेत नावाचे जुने गाव आहे. भातशेती आणि खाडीतील मासेमारी यांवर तेथील आगरी-कोळी कुटुंबांचा निर्वाह चालत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाच्या रस्त्याला रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांपैकी सॅन्डोझ या स्विस कंपनीच्या कारखान्यात कापडाचे रंग आणि रंगकामास साहाय्यभूत होणारी रसायने तयार होत. पाण्यात न विरघळणारा रंग पाण्यात एकसारखा पसरवून ठेवणे, सुतावरील तेलकटपणा काढून टाकणे, कोरड्या धाग्यात पाणी चटकन मुरवणे ही अशा रसायनांची कामे. त्यांतील कित्येकांचे कुळ साबणाचेच. घरची गृहिणी साबणाच्या वडीने जे काम करते, तेच कारखान्यातील टाक्यांत मोठ्या प्रमाणावर चालते.

साबणाचे पाणी तेलाला आपल्यात कसे सामावून घेते, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. या प्रश्नाचे मर्म ज्यांनी प्रथम जाणले, त्या शास्त्रज्ञाने आपल्या सेवाकाळातील अखेरची वर्षे महाराष्ट्रात, पुण्यास घालवली. त्यांचे नाव जेम्स विल्यम मॅकबेन.

मॅकबेन यांचा जन्म २२ मार्च १८८२ रोजी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, चॅटहॅम या गावी झाला. टोरोंटो विद्यापीठातून त्यांनी पदव्या घेतल्या आणि पुढील शिक्षणासाठी ते जर्मनीस गेले. त्या काळी रसायनशास्त्राचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला जर्मनी हे तीर्थक्षेत्र वाटे. मॅकबेन यांनी प्रथम लायप्झिग येथे आणि नंतर हायडेलबर्ग येथे अध्ययन केले. १९०६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांना अध्यापकाची जागा मिळाली आणि १९०९ साली हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांच्या पदरात पडली. त्याच वर्षी कोळसा हायड्रोजन वायू कसा शोषून घेतो, यावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. वायूचा काही भाग पृष्ठभागाला चिकटतो, तर काही भाग आत मुरतो, हे दाखवून या दोन्ही क्रियांना मिळून त्यांनी एक नवा शब्द दिला. तो शब्द आजही शास्त्रात रूढ आहे. तथापि त्यांचे नाव अजरामर झाले ते साबणामुळे.

साबण हा तेलातील स्निग्धाम्ल आणि सोडा यांच्या संयोगाने बनलेला क्षार होय. मीठही क्षारच. मीठ पाण्यात टाकले म्हणजे त्याचे दोन प्रकारचे विद्युत्भारित कण अलग होतात. त्यांना आयन म्हणतात. असे कण पाण्यात मोकळे झाले की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदू किंचित वाढतो आणि गोठणबिंदू किंचित उतरतो. किती वाढला वा उतरला, यावरून पाण्यात एकंदर किती कण मोकळे आहेत याची गणती करता येते. दुसरी गोष्ट अशी की त्या पाण्यातून विजेचा प्रवाह वाहू लागतो. किती वीज वाहते, यावरून त्या कणांचा भार आणि त्यांची धाव यांचा अंदाज येतो. मिठाच्या बाबतीत या दोन्ही साक्षी जुळतात. साबणाच्या बाबतीत मात्र त्यांचे मुळीच जुळेना.

हायडेलबर्गचे प्राध्यापक क्राफ्ट यांनी साबणाचे दाट पाणी उकळून पाहिले होते. ते जवळजवळ शुद्ध पाण्यासारखेच उकळले. यावरून साबण पाण्यात खऱ्या अर्थाने विरघळतच नाही, त्याचे मोठमोठे निर्भार गोळे तेवढे पाण्यात तरंगत राहतात, असा निष्कर्ष निघाला. मग त्या पाण्यातून वीज वाहते ती कशी? यावर त्या काळचे उत्तर ठरलेले होते. साबणाचा काही भाग पाण्याच्या योगाने फुटतो, त्यातून दाहक सोडा मोकळा होतो आणि वीज वाहते ती या सोड्यामुळे, असे विद्वान मानीत. अशा रीतीने एक साक्ष खरी धरून दुसरीची बोळवण करण्यात आली होती.

तरुण मॅकबेन यांना ही बोळवण पटली नाही. दोन्ही मोजमापे पुन्हा एकदा काटेकोरपणे करून पाहावयाची, असे त्यांनी ठरवले. या कामी त्यांना मिलिसेंट टेलर या विदुषीचे साहाय्य लाभले. चेल्टनहॅम येथील मुलींच्या विद्यालयात विज्ञान शिकवीत असतानाच त्या ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत संशोधनही करीत. स्त्रियांना विद्यापीठांची दारे नुकतीच कोठे किलकिली झाली होती, अशा काळातील ही गोष्ट आहे. मॅकबेन आणि टेलर यांनी एका शुद्ध साबणाची, म्हणजे सोडियम पामिटेटची विद्युत्वाहकता ९० अंश सेल्सिअस तापमानाला मोजली. एवढे तापमान घेण्याचे कारण असे की हा साबण निवला की त्याची दह्यासारखी कवडी जमते आणि मग मोजावयाचे ते काय, असा प्रश्न उभा राहतो.

हे काम मोठे चिकाटीचे होते. काचेच्या भांड्यातील अल्कली गरम पाण्यात उतरते आणि मोजमाप बिघडवते. हवेतील कार्बन डायऑक्साइड साबणाचे घटक फोडतो. शिवाय फेस येतो, आणि या फेसानेच पूर्वीच्या संशोधकांचा घात केला होता. साबणाचे पाणी उकळू लागले की फेसाच्या बुडबुड्यांत हवा अडकून राहते आणि पाणी खऱ्या उत्कलनबिंदूला पोहोचण्यापूर्वीच उकळल्याचा भास होतो. रोज स्वयंपाकघरात उतू जाणारे दूध पाहणाऱ्या गृहिणीला ही गोष्ट सांगून नवल वाटले नसते. नामांकित प्राध्यापकांच्या मात्र ती ध्यानात आली नव्हती. उत्कलनाची पद्धत साबणाला लागू पडत नाही, हे मॅकबेन यांनी दाखवून दिले.

मग त्यांनी विजेच्या वाटेने जावयाचे ठरवले. प्रथम मोकळ्या सोड्याचा प्रश्न निकालात काढणे अवश्य होते. त्यासाठी हायड्रोजनचे विद्युत्-अग्र वापरण्यात आले. प्लॅटिनमच्या पत्र्यावर त्याच धातूच्या काळ्या भुकटीचा थर देऊन तो पत्रा द्रवात बुडवतात आणि त्यावरून हायड्रोजनचे बुडबुडे सोडतात. पत्र्याच्या पृष्ठावर हायड्रोजन वायू आणि द्रवातील आयन यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया चालते आणि तिच्यामुळे पत्र्यावर जो विद्युत्दाब येतो, त्यावरून द्रव किती आम्ल वा अल्कली आहे हे कळते. १९१४ साली या प्रयोगांचे फलित प्रसिद्ध झाले. मोकळा सोडा अगदी अल्प प्रमाणात होता. एवढ्याशा सोड्याने एवढी वीज वाहणे शक्यच नव्हते. तेव्हा वीज वाहून नेणारा दुसरा तिसरा कोणी नसून प्रत्यक्ष साबणच होता.

आता कणांची गणती उरली. उत्कलनाची पद्धत बाद झाली होती, आणि गोठवावयास जावे तर साबण त्याआधीच जमतो. म्हणून मॅकबेन यांनी दवबिंदूचा आधार घेतला. पाण्यात मोकळे कण जितके अधिक, तितकी त्या पाण्याची वाफ कमी आणि तितके उशिरा तिचे दव थंड पृष्ठावर जमते. हा फरक अंशाच्या लहानशा भागाइतका असतो. सॅल्मन या सहकाऱ्यासह केलेल्या या प्रयोगांचा निबंध १९२० साली प्रसिद्ध झाला. दाट साबणपाण्यात मोकळे कण जेवढे सापडले, तेवढ्यांचा हिशेब एकट्या सोडियमच्या आयनांनीच जवळजवळ पुरा होत होता. मग स्निग्धाम्लाचे तितकेच आयन गेले कोठे? ते नाहीसे झाले म्हणावे तर वीज भरपूर वाहत होती.

या दोन साक्षींपैकी एकही खोटी नाही, असे मानूनच मॅकबेन यांनी वाट काढली. स्निग्धाम्लाचे आयन नाहीसे झालेले नाहीत. ते एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनले आहेत. पुंजका कितीही आयनांचा असला तरी गणतीत तो एकच कण धरला जातो, म्हणून कण कमी भरतात. परंतु त्या पुंजक्यावर त्या सर्व आयनांचा भार एकवटलेला असतो, म्हणून वीज कमी होत नाही. उलट ती वाढण्याचाच संभव अधिक. समजा, आठ सारखे गोल एकत्र येऊन एक मोठा गोल झाला. त्याचा भार आठपट झाला. त्याची त्रिज्या मात्र दुप्पटच होईल, कारण दोनाचा घन आठ. पाण्यातून जाताना गोलाला होणारा विरोध त्रिज्येच्या प्रमाणात असतो, तेव्हा तोही दुप्पटच. आठपट भाराने ओढला जाणारा आणि दुप्पट विरोध सोसणारा हा गोल चौपट वेगाने धावेल. शालेय गणितात बसणारा हा हिशेब! परंतु तो मांडण्यास मॅकबेन यांच्यासारखा मनुष्य यावा लागला.

या विचाराचा उच्चार त्यांनी १९१३ सालीच लंडनमधील फॅरडे सोसायटीच्या चर्चासभेत केला होता. अशा पुंजक्याला त्यांनी मायसेल हा शब्द लावला. लॅटिन भाषेत कणीला किंवा चुऱ्याला जो शब्द आहे, त्याचे हे लघुरूप. नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो पूर्वी दुसऱ्या अर्थाने वापरला होता. मॅकबेन यांनी त्याला नवा अर्थ दिला.

विद्वानांनी या विचाराचे स्वागत केले नाही. रॉयल सोसायटीच्या एका समितीपुढे मॅकबेन यांनी आपली कल्पना मांडली, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या नामांकित शास्त्रज्ञाने हा सारा मूर्खपणा आहे, अशा अर्थाचा एकच शब्द उच्चारून त्यांना वाटेला लावले, असे सांगतात. त्या अध्यक्षांना अडाणी समजण्याचे कारण नाही. त्यांचा आक्षेप सबळ होता. सारखा विद्युत्भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात, हे पहिल्या वर्गातील विद्यार्थीही जाणतो. मग ऋण भाराचे इतके आयन दाटीवाटीने एका ठिकाणी नांदतील कसे?

याचे उत्तर साबणाच्या कणाच्या घडणीतच आहे. हा कण लांबट असतो. त्याचे डोके विद्युत्भारित असून त्याला पाण्याची ओढ असते. त्याची शेपटी मात्र कार्बन आणि हायड्रोजन यांची, म्हणजे तेलाच्या जातीची. तिला पाण्यात थारा नसतो. पाण्यात असे कण विरळ असतात तोवर ते एकएकटे हिंडतात. त्यांची संख्या एका ठराविक मर्यादेपलीकडे गेली की शेपट्या एकमेकींच्या आश्रयाला येतात. शेपट्या आत आणि डोकी बाहेर, अशी त्यांची रचना होते. डोकी एकमेकांना दूर लोटतातच, परंतु शेपट्यांना पाण्याबाहेर ठेवण्याचा जोर त्याहून अधिक ठरतो. या आतल्या तेलकट जागेत कपड्यावरील तेल शिरते आणि पाण्याबरोबर वाहून जाते.

मॅकबेन यांनी वाद घालण्यापेक्षा मोजमापे वाढवीत नेली. साबणामागून साबण घेऊन, तापमान बदलून, दाटपणा बदलून त्यांचे प्रयोग चालूच राहिले. हळूहळू विरोध मावळला. साबणाचे मोठे कारखानदार लॉर्ड लिव्हरह्यूम यांच्या नावाने ब्रिस्टल विद्यापीठात भौतिकी रसायनशास्त्राचे अध्यासन स्थापन झाले आणि १९१९ साली मॅकबेन त्याचे पहिले प्राध्यापक झाले. ज्या रॉयल सोसायटीत त्यांची संभावना झाली होती, तिनेच १९२३ साली त्यांना आपले सदस्यत्व दिले आणि १९३९ साली आपले डेव्ही पदकही अर्पण केले.

१९२७ साली ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि १९४७ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. उपकरणे कल्पिण्यात त्यांचा हातखंडा होता. क्वार्ट्झच्या बारीक तंतूची कमान करून तिच्या ताणावरून शोषलेल्या वायूचे वजन करणारा तराजू त्यांनी बाकर या सहकाऱ्यासह ब्रिस्टल येथेच तयार केला होता. स्टॅनफर्ड येथील त्यांचा एक प्रयोग तर गमतीचा आहे. साबणासारखे पदार्थ पाण्याच्या पृष्ठावर अधिक दाटतात, असे अमेरिकन पंडित गिब्ज यांनी एकोणिसाव्या शतकात केवळ गणिताने सांगून ठेवले होते. ते प्रत्यक्ष पाहावयाचे कसे? मॅकबेन यांनी द्रवाने भरलेल्या लांबट भांड्यावरून एक पाते अतिशय वेगाने सोडले आणि सायीसारखा वरचा पापुद्रा कापून घेतला. हा पापुद्रा एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असे. त्याचे पृथक्करण केले आणि गिब्ज यांचे गणित खरे ठरले. या प्रयोगाचा वृत्तांत १९३२ साली प्रसिद्ध झाला.

मॅकबेन यांचे सर्वच म्हणणे मात्र टिकले नाही. मायसेल दोन प्रकारचे असतात, एक लहान आणि विद्युत्भारित, दुसरा मोठा, थराथरांचा आणि जवळजवळ निर्भार, असे त्यांचे मत होते. १९३६ साली इंग्लंडमधील हार्टली यांनी निराळे चित्र रेखाटले. विरळ द्रवातील मायसेल चेंडूसारखा वाटोळा असून सोडियमचे बरेचसे आयन त्याच्या पृष्ठाला बिलगून असतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. यामुळे मायसेलचा भार, आणि पर्यायाने त्याची धाव, मॅकबेन यांच्या हिशेबापेक्षा कमी भरते. पुढील काळातील मोजमापांनी हार्टली यांच्या बाजूने कौल दिला. एका मायसेलमध्ये दहा नव्हे, तर पन्नास, साठ, कधी शंभरही कण असतात, असे आढळले. द्रव दाट होत गेला म्हणजे दांड्यांसारखे आणि थरांसारखे आकार होतात खरे, परंतु विरळ द्रवाच्या बाबतीत मॅकबेन यांनी आपला आग्रह वेळीच सोडावयास हवा होता. तो त्यांच्याने सोडवला नाही. तरुणपणी ज्यांनी दोन परस्परविरोधी साक्षी सारख्याच आदराने ऐकल्या, त्यांना उतारवयात आपल्याच चित्राचा मोह पडावा, हे जरा चमत्कारिक वाटते.

याच सुमारास भारत स्वतंत्र झाला. देशात राष्ट्रीय प्रयोगशाळांची एक मालिका उभारण्याचे काम शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली चालू होते. भटनागर हे स्वतः तेल आणि पाणी यांच्या मिश्रणांचे, म्हणजे पायसांचे अभ्यासक. लंडन येथे त्यांनी याच विषयाशी निगडित संशोधन करून १९२१ साली डॉक्टरेट मिळवली होती. या मालिकेतील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसाठी पुण्याजवळील पाषाणची जागा निवडण्यात आली. ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते तिची कोनशिला बसवण्यात आली. या संस्थेचे पहिले संचालक म्हणून १९४९ साली मॅकबेन यांची नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय सदुसष्ट वर्षांचे होते. या वयात माणसे विश्रांतीचा विचार करतात. मॅकबेन समुद्र ओलांडून पाषाणच्या माळावर आले.

३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. त्यानंतर अवघ्या तेवीस दिवसांनी भारत प्रजासत्ताक झाले. नवी इमारत, नवी उपकरणे आणि संशोधनाची परंपरा नव्यानेच घडवू पाहणारे तरुण, अशा वातावरणात मॅकबेन यांनी सुमारे तीन वर्षे काम केले. आपला विषय साकल्याने मांडणारा त्यांचा ग्रंथही १९५० सालीच प्रसिद्ध झाला. १९५२ साली ते निवृत्त झाले आणि फिंच हे त्यांच्या जागी आले. हे फिंच १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेतील नामांकित गिर्यारोहक. त्यांच्यानंतर, १९५७ साली, मुंबईत रंगरसायनांचे अध्यापन केलेले प्राध्यापक वेंकटरामन हे प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

अमेरिकेस परतल्यावर मॅकबेन यांना फार दिवस लाभले नाहीत. १२ मार्च १९५३ रोजी, एकाहत्तरावा वाढदिवस दहा दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी मेरी एव्हलिन लँग या स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या आणि ब्रिस्टलच्या दिवसांपासून साबणाच्या संशोधनात त्यांच्या सहकारी होत्या. पाण्यात न विरघळणारे पदार्थ मायसेलच्या आधाराने पाण्यात कसे सामावतात, या विषयावर त्यांनी हचिन्सन यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९५५ साली बाहेर पडला.

त्या ग्रंथातील विषयाला पुढे विजेच्या बाजूने नवे धुमारे फुटले. विद्युत्-अग्रावर एखाद्या पदार्थाचे रूपांतर घडवावयाचे तर तो पदार्थ द्रवात मिसळून त्या अग्रापर्यंत पोहोचला पाहिजे. तेलकट पदार्थ पाण्यात मिसळत नाहीत. ज्या सेंद्रिय द्रवांत ते मिसळतात, त्यांतील बहुतेकांतून वीज नीट वाहत नाही, आणि शिवाय ते ज्वालाग्राही, महाग, कित्येकदा विषारीही असतात. मायसेलच्या पाण्यात ही अडचण दूर होते. तेलकट पदार्थ पुंजक्यांच्या पोटात राहतो आणि बाहेरच्या पाण्यातील आयन वीज वाहून नेतात. तेलाचे प्रमाण आणखी वाढवून केलेल्या, तरीही डोळ्यांना पाण्यासारख्या निर्मळ दिसणाऱ्या मिश्रणाला १९५९ साली शुलमन आणि त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्मपायस अशा अर्थाचे नाव दिले. अशा द्रवांत विद्युत्-अग्राच्या पृष्ठावरही साबणासारख्या कणांचा थर बसतो. कधी तो क्रियेला अडथळा करतो, तर कधी तिला गती देतो. कोणता थर काय करील हे ओळखणे, हेच या शाखेतील मुख्य काम होऊन बसले. क्लोरिनयुक्त घातक प्रदूषकांतील क्लोरिन विजेच्या साहाय्याने काढून टाकण्याचे प्रयोग अशाच द्रवांत यशस्वी झाले आहेत. निकेलचा मुलामा देण्याच्या टाकीतही साबणाच्या जातीचे रसायन चिमूटभर घालतात. त्यामुळे धातूच्या पृष्ठावर जमणारे हायड्रोजनचे बुडबुडे चटकन सुटतात आणि मुलाम्यावर खळगे पडत नाहीत.

कोलशेतचा सॅन्डोझचा कारखाना १९९५ साली क्लॅरियंट या नव्या कंपनीकडे गेला. पुढे तो बंद झाला आणि त्या जागी उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. पाषाणची प्रयोगशाळा मात्र चालू आहे. साबणासारखे पदार्थ, पायसे आणि कलिल यांचा अभ्यास तेथे मॅकबेन यांच्यानंतरही होत राहिला.